नाकावरच्या रेघा आणि आदर्श दांपत्य

बाळांनो,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही आजीला मारता का?" आजोबांचा चहा बशीत सांडला. तुमच्या आईने फोन हिसकावला, मग आम्हाला तुमच्या घराचं छत दिसलं, मग कुणाचा तरी कान, आणि कॉल बंद झाला. नंतर कळलं की डोंबिवलीच्या मावशीने आमच्या सत्काराचा फोटो तिकडे पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "चेहरा बघ, मग बोलू."

म्हणजे गोष्ट कॅनडापर्यंत पोचली, पण उलटी पोचली. शेवट आधी, सुरुवात नाहीच. असं मला चालत नाही. तुम्हाला माहीत आहे, मी मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यासुद्धा ठरलेल्या क्रमाने ठेवते. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून पाठवते आहे. इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, नोकरीत पत्रंही आयुष्यभर इंग्रजीतच लिहिली. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजीत घातली की एकदम शहाणी वाटायला लागतात, आणि ती तशी नाहीत. मीही नाही. तेव्हा तुमचा रविवारचा मराठीचा वर्ग कामाला लावा, अडलं तर आईला विचारा.

तर, माझं नाक.

माझ्या नाकावर आणि दोन्ही गालांवर लाल रेघा होत्या. कातडीखालच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या काही माणसांच्या फुगतात आणि वरून दिसायला लागतात. वयाने, उन्हाने, काहींच्या घराण्यातूनच. त्या दुखत नाहीत, खाजत नाहीत, नुसत्या दिसतात. माझ्या आईलाही होत्या. पण तिच्या घरातला आरसा तळहाताएवढा आणि दिवा पिवळा, त्यामुळे त्यांचा तिला फारसा त्रास झाला नाही. माझ्या बाथरूममध्ये तुमच्या बाबांनी मागच्या खेपेला पांढरा एलईडी लावून दिला. त्या उजेडात माझ्या नाकावर रस्त्यांचा नकाशा दिसे, आणि मधोमध एक मोठं जंक्शन.

लोकांनी या नाकावर आपापली मतं बनवली होती. देवळातले गुरुजी वर्षानुवर्षं मला "सर्दी अजून आहे का?" विचारत, मी हो म्हणत असे, आणि ते तुळशीची पानं देत. कुणी म्हणे तिखट सोडा, कुणी म्हणे पित्त आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा लिफ्टमध्ये आवाज खाली आणून विचारलं, "रोज घेता का थोडी?" मी म्हटलं, काय? "अहो, औषध म्हणून हो," त्या म्हणाल्या. त्यानंतर आमच्या घरातून रिकाम्या बाटल्या भंगारात जाताना त्या लक्ष ठेवून असत. त्या बाटल्या कोकम सरबताच्या होत्या, पण कोकम सरबतही लालच असतं.

हे सगळं मी सहन केलं. मग धाकट्याने शाळेत 'माझी आजी' हे चित्र काढलं.

तुम्हाला आठवतच असेल. नाक टोमॅटोएवढं, दोन्ही गालांवर लाल खडूने कोळ्याची जाळी, आणि डाव्या जाळीत चक्क एक कोळी. पायसुद्धा बरोबर आठ काढले होते. तुमच्या बाईंनी विचारलं म्हणे, आजी सर्कशीत असतात का? तुमच्या आईने हसत हसत सांगितलं, मीही हसले, चित्राची प्रिंट काढून फ्रिजवर चुंबकाने लावली. आणि मग बाथरूममध्ये जाऊन एलईडीखाली बराच वेळ उभी राहिले.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने ठरवलं की या वर्षी 'आदर्श दांपत्य' म्हणून आमचा सत्कार करायचा. या सत्काराची पद्धत अशी: शाल, श्रीफळ, एकमेकांना पेढा भरवणे, बायकोने उखाणा घेणे आणि फोटो. हा फोटो मोठा करून संघाच्या खोलीत भिंतीवर लावतात आणि तो मग उतरवत नाहीत. त्यातली काही जोडपी केव्हाच गेली, पण भिंतीवर अजून पेढा भरवत आहेत. मला भिंतीवर जायला हरकत नव्हती. टोमॅटो घेऊन जायला होती.

आता अडचण होती ती तुमच्या आजोबांची. त्यांनी त्याच संघात आदल्या वर्षी भाषण दिलं होतं, 'वय लपवू नका, वय मिरवा.' सुरकुत्या म्हणजे आयुष्याने दिलेले दागिने, केसांना कलप म्हणजे काळाशी केलेली लबाडी, असं बरंच काही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. संघाच्या अध्यक्षांनीही वाजवल्या, आणि अध्यक्षांचे केस कोळशासारखे काळे आहेत. तेव्हापासून आजोबांना हे भाषण आणखी तीन-चार ठिकाणी करायला बोलावलं गेलं. त्या भाषणाची त्यांनी फाइल केली आहे, प्लास्टिकची, बटणवाली.

मी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, की मी नाकावर लेझर करून घेणार आहे. परवानगी मागितली नाही, कळवलं. ते बराच वेळ बिस्कीट चहात बुडवून बसले, अर्धं तुटून आत गेलं.

"चारचौघांत बोलू नकोस म्हणजे झालं," ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमच्या भाषणात नाकाचा उल्लेख नव्हता. पण त्यांचं म्हणणं, तत्त्व नाकालाही लागू होतं.

म्हणून आम्ही घाटकोपर निवडलं. आमच्या अंधेरीत त्वचेचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण अंधेरीत आम्हाला ओळखणारेही गल्लोगल्ली आहेत. घाटकोपरला मेट्रोने सरळ जाता येतं, गार डब्यात, आणि तिथे आमचं कुणी नाही. तरी आजोबा दवाखान्यात शिरल्यापासून तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले. ते गुजराती होतं. त्यांना गुजराती वाचता येत नाही. काउंटरवरच्या मुलीला वाटलं की आजोबांनाही काहीतरी करून घ्यायचं आहे आणि लाजतायत, म्हणून तिने हळूच त्यांच्या हातात डोळ्यांखालच्या पिशव्यांवरच्या उपचाराचं पत्रक ठेवलं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं. हे पत्रक लक्षात ठेवा.

डॉक्टर तुमच्या आईपेक्षाही लहान होत्या, पण समजावून छान सांगितलं. लेझरचा उजेड त्या लाल रेघेतल्या रक्ताला लागतो, रेघ आतून तापून मिटते, आणि मग शरीर तिला हळूहळू झाडून टाकतं. वरच्या कातडीला सहसा काही होत नाही. त्या म्हणाल्या, दोन प्रकारे करता येईल. एक सौम्य, खेपा जास्त, डाग जवळजवळ नाहीत. दुसरा जरा जोराचा, खेपा कमी, पण आठ-दहा दिवस, कधी जास्तच, निळे-जांभळे डाग राहतात, मग आपोआप जातात. सत्काराला महिन्याहून जास्त अवकाश होता. मी दुसरा निवडला. कामं उरकून टाकलेली बरी. माझं गणित बरोबर होतं, हे मी इथे नोंदवून ठेवते. चुकलं ते हॉलवाल्याचं, ते पुढे येईल.

सूचनांचा एक इंग्रजी कागद दिला, त्यात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. मी पेनाने दुरुस्त करून परत दिला. त्या मुलीने थँक्यू म्हणून तो माझ्या संमतीपत्राला टाचला, त्यामुळे सूचना माझ्याकडे राहिल्याच नाहीत आणि दुसरा कागद मागावा लागला. त्यात चुका तशाच होत्या.

तुम्ही विचाराल, दुखतं का? रबर बँड ताणून नाकावर सोडला तर कसं लागेल, तसं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, नाकाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला. आधी गार वाऱ्याचा फुत्कार, मग फटका. डोळ्यांवर काळ्या वाट्या बसवलेल्या, त्यामुळे काही दिसत नाही, तरी उजेड कळतो. केस किंचित जळल्यासारखा वास येतो. आपलंच नाक जळतंय हे माहीत असताना तो वास मजेशीर लागत नाही. डॉक्टर मधे मधे "छान, आजी, छान" म्हणत होत्या, जसं काही मी करत होते.

मग त्यांनी आरसा दिला. कुणी टोपलीभर जांभळं खाऊन बिया माझ्या तोंडावर थुंकाव्यात, तशी मी दिसत होते. गोल गोल जांभळे ठिपके, नाकावर, दोन्ही गालांवर, एक डोळ्याच्या अगदी खाली. मी बाहेर आले तेव्हा आजोबा उठून उभे राहिले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाले, "हे तू पैसे देऊन केलंस?"

ओढणीने तोंड झाकून, गॉगल लावून आम्ही घरी आलो. सूचना अशा होत्या: ऊन नको, गरम वाफ नको, चूल नको. म्हणजे गॅससमोर जायचं नाही. त्यामुळे स्वयंपाकघर आजोबांकडे गेलं. त्यांनी खिचडी केली, वरून कच्ची, खालून करपलेली, आणि मधला भाग चांगला होता असं त्यांचं मत आहे.

आपल्याकडे बुधवारी आणि शुक्रवारी वेसाव्याची मावशी मासे घेऊन येते, तुमची आई शाळेत होती तेव्हापासून. थोरलीला तिनेच खेकडा धरायला शिकवला. तिची हाक आली आणि मी सवयीने दार उघडायला गेले. तोंड उघडं आहे हे विसरूनच गेले. ती टोपली उतरवत होती, तशीच थांबली.

"तोंडाला काय झाला गो बाय?"

मी काही म्हणणार, तेवढ्यात आजोबा आतून धावत आले. भाजीवरून उठून आल्यामुळे उजव्या हातात उलथनं, कपाळावर घाम, आणि मोठ्याने म्हणाले, "तुला सांगितलं ना, कुणाला तोंड दाखवायचं नाही? आत हो."

तुम्ही त्या मावशीच्या जागी उभे राहून बघा.

तिने आजोबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, उलथन्यावर जरा जास्त वेळ थांबली, आणि टोपलीवर प्लास्टिक ओढून घेतलं. "तुमाना आज मावरा नाय," ती त्यांना म्हणाली. टोपलीत पापलेटं दिसत होती. मग ती खाली उतरली. नेहमी लिफ्टने जाते, त्या दिवशी जिन्याने गेली, मजल्यामजल्यावर थांबत.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे आजोबांशी कामापुरतं बोलायला लागले. लिफ्टमध्ये ते शिरले की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बाहेर पडत. आजोबांना पहिल्यांदा वाटलं आपल्याला लसणाचा वास येतोय, कारण ते स्वयंपाक करत होते. त्यांनी दोनदा आंघोळ केली.

मग संघातल्या माझ्या दोन मैत्रिणी आल्या, नारळाच्या वड्या घेऊन, सहज. सहज कुणी दुपारी दोन वाजता येत नाही. मी आधीच ठरवून ठेवलं होतं की दार लागलं म्हणायचं. तसं म्हटलं. त्याच क्षणी आजोबा पाण्याचे पेले घेऊन आले आणि म्हणाले, "ती बाथरूममध्ये घसरली." एकमेकांशी बोलून घ्यायचं आमचं राहूनच गेलं होतं. ते पेले ठेवून उभेच राहिले, कारण माझ्या तोंडून लेझर निघेल अशी त्यांना धास्ती होती, आणि माझ्या कोपराला धरून म्हणाले, "तू जास्त बोलू नकोस. तुला त्रास होतो."

ते आत गेल्यावर धाकटी मैत्रीण म्हणाली, "दोन्ही गालांना दार लागायला ते काय गोल फिरत होतं गं?" मोठी जवळ सरकली. तिने माझा हात हातात घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. केव्हाही ये. बेल वाजवू नकोस, मिस्ड कॉल दे."

मला आतून हसू फुटत होतं, आणि तिचा हात सोडवतही नव्हता. बाळांनो, या पत्रात बराच वेडेपणा आहे, पण एवढं शहाणपणाचं लक्षात ठेवा: त्या दोघी चुकल्या होत्या, पण आल्या हे बरोबर केलं. तुम्हाला कधी कुणाचा चेहरा असा दिसला तर तुम्हीही जा. चुकलात तर वड्या खाऊन परत या.

मी त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. सांगणारच होते. पण स्वयंपाकघराच्या दारातून आजोबा मान हलवत होते, नको, नको. आणि ते मान हलवताना धाकट्या मैत्रिणीने पाहिलं.

त्याच संध्याकाळी हॉलवाल्याचा फोन आला. त्याने आमच्या तारखेला कुणाची तरी हळद घेतली होती, म्हणून सत्कार अलीकडे ओढून येत्या रविवारी ठरला. माझे डाग तेव्हा ऐन भरात असणार होते.

मागोमाग अध्यक्ष स्वतः आले. चहा नको म्हणाले. केसांवरून हात फिरवत त्यांनी हवापाण्यावर पुष्कळ बोलून घेतलं आणि शेवटी सुचवलं, की वहिनींच्या तब्येतीचं कारण सांगून या वर्षी तुम्ही माघार घेतलीत तर कुणालाच अवघडल्यासारखं होणार नाही. एक राखीव दांपत्य तयार ठेवलं आहे. लोकांत जे बोललं जातंय त्यावर त्यांचा विश्वास नाही, पण संघाची भिंत ही शेवटी संघाची भिंत आहे.

आजोबांनी विचारलं, "लोकांत काय बोललं जातंय?"

खरंच त्यांना माहीत नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं, आणि मग अध्यक्षांनी सांगितलं.

ते गेल्यावर आजोबा गॅलरीत जाऊन बसले. तुमचे आजोबा कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. पाल दिसली तर तिला सुपलीत घेऊन, "चला बाई," म्हणत जिन्यात सोडून येणारा माणूस. मी जाऊन शेजारी बसले.

"एक सांग," ते म्हणाले. "बायकोवर हात टाकणारा म्हणून ओळखलं जाणं वाईट, की ढोंगी म्हणून?"

मी म्हटलं, याचा विचार करावा लागतोय?

"त्या भाषणाला लोक उभे राहिले होते गं."

मी म्हटलं, ते उठून घरी निघाले होते, भाषण लांबलं होतं. हे मी चिडून बोलले, खरं नव्हतं. ते हसले नाहीत. त्यांचे हात मांडीवर पडले होते आणि ते त्या हातांकडेच बघत होते, जणू ते कुणा दुसऱ्याचे असावेत. तेव्हा मला कळलं की भाषणाचं निमित्त आहे. एवढी वर्षं ज्या लोकांत बसलो उठलो, त्यांना आपल्याबद्दल हे खरं वाटू शकतं, ते त्यांना लागलं होतं. मी म्हटलं, उद्याच मी सगळ्यांना सांगते. ते म्हणाले, नको, सांगायचं तर मी सांगेन, स्टेजवर, माझ्या तोंडाने. माघार घ्यायची नाही.

रविवारी मी माझी पैठणी नेसले. ती जांभळी आहे. आरशात पाहून मी मनात म्हटलं, मॅचिंग झालं.

हॉल भरला होता, नेहमीपेक्षा जास्त. राखीव दांपत्य पहिल्या रांगेत बसलं होतं, पूर्ण तयारीत, त्यातल्या बाईंनी गजरासुद्धा माळला होता. मी ओढणी न घेता गेले. लोक बोलायचे थांबले, मग एकदम भलत्याच विषयांवर बोलायला लागले. कुंकू लावायला आलेल्या बाईंचा हात माझ्या कपाळापाशी घुटमळला, कुठे लावलं तर दुखेल याचा अंदाज घेत. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि आजोबांनी माइक मागितला.

आता, आजोबांना माइक मिळाला की ते थेट मुद्द्यावर येत नाहीत. आधी गोल फेरी मारतात. त्यांनी खोल आवाजात सुरुवात केली, "मित्रहो, आज मला एक गोष्ट मान्य करायची आहे. माझ्या हातून या स्त्रीवर अन्याय झाला आहे."

राखीव दांपत्य खुर्चीत सरसावून बसलं.

त्यांना म्हणायचं होतं की मी तिला बोलू दिलं नाही. पण तिथे यायला त्यांना अजून तीन वळणं होती. ते म्हणाले, पुरुषाचा अहंकार फार वाईट. ते म्हणाले, बाहेर एक आणि घरात एक, असा मी वागलो. ते म्हणाले, आज तिच्या चेहऱ्यावर तुम्हाला जे दिसतंय त्याला एका अर्थी मीच कारणीभूत आहे. यात त्यांना त्या भाषणामुळे झालेली लपवाछपवी अभिप्रेत होती. राखीव दांपत्यातल्या गृहस्थांनी कोटाचं बटण लावलं. माझी मोठी मैत्रीण खुर्चीवरून उठली आणि स्टेजच्या दिशेने चालायला लागली, चेहऱ्यावर असा भाव की आता माइकच काय, वेळ पडली तर माणूसही काढून घेईन.

मला कळलं की हे फेरी पूर्ण करेपर्यंत पोलीस येतील. मी माइक घेतला आणि म्हटलं, उखाण्याची वेळ झाली. आदल्या रात्री मी एक उखाणा पाठ केला होता, तुळशीचा आणि वृंदावनाचा, नेहमीचा. तो घेतलाच नाही. उभ्या उभ्या जो सुचला तो घेतला. नवऱ्याचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे:

"नाकावरच्या लाल रेघा लेझरने केल्या साफ,
अमुकरावांनी नाही मारलं, त्यांना करा माफ."

मागच्या रांगेतून कुणीतरी ऐकू कमी येणाऱ्या शेजाऱ्याला मोठ्याने सांगितलं, "लेझर म्हणतायत, लेझर." मग मी रेघा, घाटकोपर, जांभळे ठिपके, हॉलवाल्याची तारीख, सगळं क्रमाने सांगितलं. आजोबा मधेच म्हणाले, "मी हेच सांगत होतो." तेव्हा कुठे पहिलं हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर थांबेना. मोठी मैत्रीण स्टेजच्या पायरीवरच बसली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. मग पेढ्यासाठी आजोबांनी हात उचलला, तर पहिल्या रांगेतल्या दोन बायका सवयीने अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. त्याच क्षणी फोटो निघाला. त्या फोटोत आजोबांचा हात वर आहे, माझे डोळे मिटलेले आहेत आणि नाक जांभळं आहे. डोंबिवलीच्या मावशीकडे जो पोचला तो हाच. भिंतीवर लागला तोही हाच.

जेवणाच्या वेळी भाषणाबद्दल कुणी आजोबांना टोकेल अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी उत्तरंही तयार ठेवली होती. कुणी टोकलं नाही. बायकांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि दवाखान्याचा पत्ता मागितला. पुरुषांनी बायकांना मागायला लावला. अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी, वॉश बेसिनपाशी, हळूच विचारलं की लेझरने केस पण येतात का.

घरी आल्यावर मी आजोबांच्या भाषणाची फाइल कपाटात ठेवायला उघडली. आत, पहिल्याच पानामागे, ते डोळ्यांखालच्या पिशव्यांचं पत्रक होतं. मी ते होतं तसं ठेवून बटण लावलं. यावर आमचं अजून बोलणं झालेलं नाही. तुम्हीही फोनवर काढू नका.

वेसाव्याच्या मावशीला मी सगळं समजावून सांगितलं. लेझर म्हणजे काय, रेघ कशी मिटते, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "हां, असाच सांगतान समदे." पण पापलेट दिलं. आजोबांच्या हातात नाही, माझ्या हातात.

डाग पंधरवड्यात उतरले. पुढच्या खेपेला मी सौम्य प्रकार घेतला. गाल स्वच्छ झाले, नाकावरचं जंक्शन गेलं. गुरुजी म्हणाले, सर्दी बरी झाली वाटतं, तुळशीचा गुण. शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, डाव्या नाकपुडीशेजारी एक बारीक रेघ राहिली आहे, दोन फटक्यांत जाईल. माझ्या डोळ्यांवर तेव्हा काळ्या वाट्या होत्या. मला फ्रिजवरचं चित्र आठवलं, डाव्या बाजूची जाळी आणि तिच्यातला तो कोळी. त्याला बसायला काहीतरी हवं. मी म्हटलं, ती राहू द्या.

धाकट्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कधीच नाही. आजोबांना तूच फोन करून सांग की तुला कळलं. माझ्याकडून ऐकून त्यांचं समाधान होत नाही.

बाकी सगळं पूर्ववत आहे. चित्र फ्रिजवर आहे. फोटो संघाच्या भिंतीवर आहे. वेसाव्याची मावशी दर खेपेला दारातून आत डोकावून आधी "बरा हाय ना गो बाय?" विचारते आणि मगच टोपली उतरवते. आणि डाव्या नाकपुडीशेजारची ती एक लाल रेघ अजून तिथेच आहे.